वायरलेस फ्लॅशचा रेशो: आधी फिल, मग की

चेहऱ्याची उजळ बाजू सावलीच्या बाजूपेक्षा किती पट उजळ, तो रेशो. मुख्य उजेड देणारा फ्लॅश तो की, त्याने पडलेल्या सावल्या उजळवणारा तो फिल. इथे पहिली गफलत आकड्यातच होते. फिल कॅमेऱ्याजवळ असेल तर त्याचा प्रकाश दोन्ही बाजूंवर पडतो. त्यामुळे की आणि फिल सारखे असले तर रेशो १:१ नव्हे, २:१ येतो. की एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्त ठेवला तर ३:१, दोन स्टॉपला ५:१, तीनला थेट ९:१. कॅननचा टीटीएलमधला (कॅमेरा स्वतःच फ्लॅशची पॉवर ठरवतो तो मोड) ए:बी आकडा मात्र ए आणि बी या दोन फ्लॅश-ग्रुपांचीच तुलना करतो, म्हणून तिथे २:१ लावलं की चेहऱ्यावर ३:१ दिसतं. लग्नाच्या किंवा घरगुती पोर्ट्रेटला ३:१ पुरे. ५:१ च्या पुढे डोळ्यांखाली खड्डे दिसायला लागतात.

सगळे फ्लॅश ट्रिगरच्याच (कॅमेऱ्यावरून वायरलेस फ्लॅश उडवणारं उपकरण) चॅनेलवर आणा. की ए ग्रुपवर, फिल बी वर, पार्श्वभूमीचा सी वर, आणि तिन्ही मॅन्युअल. आयएसओ १००, शटर १/१६०, अ‍ॅपर्चर एफ/५.६ ठेवून फ्लॅश बंद असताना एक फ्रेम घ्या. ती काळी यायला हवी. नाही आली, तर खोलीतले दिवे न मागता फिलचं काम करताहेत.

आता फक्त बी चालू करा. फ्लॅश मीटर (फ्लॅशचा उजेड मोजून अ‍ॅपर्चर सांगणारं यंत्र) हनुवटीजवळ धरा, त्याचा पांढरा गोलक फिलकडे, आणि एफ/५.६ येईपर्यंत पॉवर बदला. बी बंद, ए चालू, गोलक कीकडे: एफ/८ हवं. झाला ३:१. मग दोन्ही चालू करून गोलक कॅमेऱ्याकडे वळवा. जो आकडा येईल (बहुधा एफ/९ ते एफ/१०) तोच अ‍ॅपर्चर. मीटर नसेल तर ग्रे कार्ड (उजेड तपासायचं करडं कार्ड) वापरा. एकट्या बी वर एफ/५.६ ला कार्डाचा हिस्टोग्राममधला (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा उजेडाचा आलेख) सुळका जिथे उभा राहतो, एकट्या ए वर एफ/८ ला तिथेच यायला हवा. शेवटी फक्त सी चालू करून पाहा. चेहऱ्यावर उजेड सांडत असेल तर तो अडवा.

फोटो एकूणच उजळ किंवा काळपट वाटला, तर एकट्या फ्लॅशला हात लावू नका. अ‍ॅपर्चर किंवा आयएसओ बदला, रेशो तसाच राहतो.

रेशो बिघडतो तो बहुतेक वेळा अंतरामुळे. की १ मीटरवर असताना माणूस त्याच्याकडे ३० सेंटिमीटर झुकला, तर की पूर्ण एक स्टॉप वाढतो, २.५ मीटरवरच्या फिलमध्ये तेवढ्याच हालचालीने जेमतेम एक तृतीयांश स्टॉपचा फरक पडतो. ३:१ चं बघता बघता ४:१ च्या वर जातं. चुळबुळ्या मुलांसाठी की मागे, दीड-दोन मीटरवर घ्या, सॉफ्टबॉक्स मोठा लावा आणि दोन्ही लाइट पुन्हा मोजा.

टीटीएलमध्ये काळी शेरवानी की पांढरी साडी यावर एकूण एक्स्पोजर हलतं. कॅननचा सी ग्रुप तर ए:बी च्या हिशेबाबाहेरच असतो. तो माणसावर रोखला की चेहरा फटफटीत होतो.

एखाद्याच फ्रेममध्ये सावली अचानक फिकट पडली, तर कीचा रेडी लॅम्प (फ्लॅश पुन्हा चार्ज झाल्याचा दिवा) लागायच्या आत बटण दाबलं गेलंय. की १/४ पॉवरच्या वर नेऊ नका, आणि सेल बदलताना त्या फ्लॅशचे चारही एकदम बदला.