पोस्टग्रेसची फाइल आटवायची तर आधी कॉलमचा क्रम बघा

लासलगाव, पिंपळगाव, येवल्याची कांद्याची आवक रोज पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चढते आणि डिस्क भरत आली की पहिली कुऱ्हाड जुन्या नोंदींवर पडते. तसं करू नका. आधी टेबलात किती जागा पोकळ आहे ते बघा.

बिगइंट (८ बाइटांचा पूर्णांक) आणि टाइमस्टँप (तारीख-वेळ, ८ बाइट) हे कॉलम ओळीत आठने भाग जाणाऱ्या जागीच बसतात, म्हणून त्यांच्याआधी पोकळी राहू शकते. इंटिजर ४ बाइटांचा, स्मॉलइंट २ चा आणि हो-नाही सांगणारा बूलियन १ चा. समजा क्रम असा आहे: रद्द बूलियन, पावती बिगइंट, बाजार स्मॉलइंट, वेळ टाइमस्टँप, वजन इंटिजर, व्यापारी बिगइंट. बूलियनमागे ७ बाइट, स्मॉलइंटमागे ६ आणि इंटिजरमागे ४ वाया जातात. माल ३१ बाइटांचा, जागा अडते ४८. मोठे कॉलम आधी घेऊन बूलियन शेवटी टाकला की ३२ मध्ये भागतं. प्रत्येक ओळीचे हेडर-पॉइंटरचे २८ बाइट धरले, तर ८१९२ बाइटांच्या पानात (फाइल अशा पानांची बनते) १०७ ऐवजी १३६ ओळी मावतात. कोटीभर ओळींमागे साधारण १६० एमबी वाचतात.

क्रम अल्टर टेबल या कमांडने बदलत नाही, टेबल नव्याने लिहून काढणाऱ्या व्हॅक्युम फुलनेही नाही. नवं टेबल करा, डेटा ओता, मग इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची), फॉरेन की (दुसऱ्या टेबलांशी जोडण्या), परवानग्या लावा आणि नाव बदला. लिलाव बंद असेल तो दिवस धरा.

बाजाराचं नाव कॅरेक्टर ५० मध्ये, म्हणजे ठरावीक ५० अक्षरांच्या कॉलममध्ये, असेल तर तेही बदला. ‘लासलगाव’ यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. वर ४३ स्पेस भरून ते ६४ होतं. टेक्स्टमध्ये लांबीच्या एका बाइटसह २२ पुरतात.

आता फिलफॅक्टर, म्हणजे पान किती टक्के भरायचं तो आकडा. मुळात तो १०० असतो. कुणी ७० केला असेल तर प्रत्येक पानाचा ३० टक्के भाग राखून ठेवला जातो. आवकेची नोंद सहसा बदलत नाही, तिथे १०० च ठेवा. ज्या टेबलात पेमेंटची स्थिती सतत बदलते, तिथे ८५-९० हवाच. नाहीतर बदललेली ओळ दुसऱ्या पानात जाते आणि इंडेक्स फुगतात. नवा आकडा जुन्या पानांना लागू होत नाही, त्यासाठी व्हॅक्युम फुल लागतं.

साधं व्हॅक्युम मेलेल्या (पुसलेल्या किंवा बदलून जुन्या झालेल्या) ओळींची जागा पुन्हा वापरायला मोकळी करतं, फाइल सहसा लहान होत नाही. व्हॅक्युम फुल फाइल लहान करतं, पण तोवर टेबल पूर्ण कुलूपबंद. वाचताही येत नाही. शिवाय नवी प्रत पूर्ण होईपर्यंत जुनी तशीच राहते, म्हणून तेवढी मोकळी डिस्क आधीच हवी. नसेल तर पीजी स्टॅट यूझर इंडेक्सेस या आकडेवारीत स्कॅन शून्य, म्हणजे वापर न झालेले, इंडेक्स शोधून काढून टाका. युनिक आणि प्रायमरी कीच्या इंडेक्सना मात्र हात लावू नका.