कापडी डायपर वापरायचे ठरवताय? या चुका टाळा, मग मला फोन करा

ओळखीत कुणाला सातवा महिना लागला की मला फोन येतो. "तू कापडी वापरलेस ना? कुठला सेट घेऊ?" प्रश्न नेहमी हाच. धुणार कोण आणि वाळत घालणार कुठे, हे आजवर एकीनंही आपणहून विचारलेलं नाही. माझी दोन्ही मुलं कापडावर वाढली. त्यानंतर नणंदेचं, भावाचं, खालच्या मजल्यावरचं अशी चार-पाच बाळं मी फोनवरून निस्तरली आहेत. चुका त्याच त्या. म्हणून एकदा लिहूनच काढते.

बाळ यायच्या आधी १८ डायपर घेणं

ही चूक माझीच, पहिल्या खेपेची. डोहाळजेवणाच्या आधीच मी १८ पॉकेट डायपर मागवले. पॉकेट म्हणजे वर कव्हर, आत खिसा आणि खिशात सरकवायचा पॅड. हत्ती, ढग, आंबे, सगळी नक्षी होती. एकेक चारशेच्या वर पडला. घड्या घालून कपाटात लावले आणि येईल त्याला कपाट उघडून दाखवलं.

लेक झाली ऐन जुलैत, डोंबिवलीत. वजन २ किलो ६००. डायपरवर छापलं होतं ५ ते १७ किलो. मी ते वाचलं नव्हतं असं नाही, पण वाटलं बटणं आवळली की झालं. आवळली. तिच्या काडीएवढ्या मांड्या आणि डायपरची कड यांच्यात माझी दोन बोटं आरामात जात होती. बोटं जातात तिथून शूही जाते. दिवसभरात तिचे कपडे, दुपटं, माझा गाऊन आणि एकदा गादीसुद्धा.

त्यात पाऊस. पॅड जाड, चार-चार पदरांचे. पंख्याखाली दोन दिवस लोंबकळले तरी मधोमध ओलसरच. तिसऱ्या दिवशी कुबट वास यायला लागला. मग नवऱ्यानं इस्त्री काढली. पॅडवर फिरवली तोवर ठीक होतं. त्याच ओघात त्यानं कव्हरवरूनही फिरवली. कव्हरच्या आतून पाणी अडवणारा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, पीयूएल म्हणतात त्याला. तो गेला वितळून. हत्तीचा अर्धा कान इस्त्रीच्या बुडाला चिकटला आणि बाळंतिणीच्या खोलीत धुरीऐवजी जळक्या प्लॅस्टिकचा वास.

चौथ्या दिवशी आईनं गाठोडं सोडलं. जुन्या मलमलचे तिकोनी लंगोट, नाड्यांचे, तीसेक तरी असतील. एकपदरी, त्यामुळे पंख्याखाली दोन-तीन तासांत कोरडे. नाळ पडायची होती तोवर आई नाडी बेंबीच्या खाली बांधायची, नाळ उघडी राहील अशी. पहिले दोन महिने आमचे त्या लंगोटांवर गेले. हत्ती-ढगवाले डायपर लेकीला नीट बसायला लागले ते पाच किलो झाल्यावर.

तेव्हा माझं सांगणं असं: आधी लंगोट शिवून घ्या किंवा विकत आणा, २५-३०. डायपर दोन किंवा तीनच आणा, तेही वेगवेगळ्या प्रकारचे. बाळ पाच किलोच्या आसपास आलं की लावून बघा, जो बसेल त्याचे आणखी आठ-दहा घ्या. अख्खा सेट एकदम घेतला तर सूट मिळते, हे मलाही माहीत आहे. त्या सुटीतूनच माझी नवी इस्त्री आली.

लंगोटाचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. बाळानं शू केली की लगेच कळते. पहिल्या आठवड्यात डॉक्टर हमखास विचारतात, दिवसात किती वेळा शू होते? पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा व्हायला हवी. तेवढी होत असेल तर दूध पुरतंय असं समजतात. विकतच्या, म्हणजे वापरून फेकायच्या डायपरमध्ये पाणी शोषून जेल करणारी पावडर असते. तीन वेळा झाली की एकदा, हे हाताला कळत नाही.

धुणाऱ्याला न विचारता ठरवणं

तो लंगोटांचा काळ मी गोडीगुलाबीनं सांगितला, पण ते धुतले कोणी? आईनं. दिवसाला १५-१६ लंगोट, शिवाय तेवढीच दुपटी, कारण एकपदरी लंगोटातून सगळं खाली झिरपतं. सहा आठवड्यांनी ती घरी परतली तेव्हा तिच्या कमरेला पट्टा होता. मी मात्र सगळ्यांना सांगत होते की आम्ही कापडीच वापरतो.

कामाला येणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "वहिनी, शूचे टाका मशीनला, मी वाळत घालीन. शीचे मी धुणार नाही." मला तेव्हा राग आला. आता वाटतं, त्यांनी ठणकावून सांगितलं ते बरं झालं. आपल्या लेकराची शी आपण खंगाळायची, संडासात, तिथल्या तिथे. मग कापड बादलीत. आमच्याकडे हे काम पुढे नवऱ्याकडे गेलं आणि त्याला काही झालं नाही.

"आम्हाला पर्यावरणासाठी कापडी वापरायचेत," असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुणाच्या कमरेवर? आणि कापडी म्हणजे आपोआप पर्यावरणाचं भलं, हेही खरं नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २००८ साली हिशोब मांडला होता. अडीच वर्षांत एका बाळामागे होणारं कार्बन उत्सर्जन विकतच्या डायपरचं सुमारे ५५० किलो आणि कापडीचं सुमारे ५७० किलो निघालं. म्हणजे जवळपास सारखंच. कापडीचा आकडा बदलतो तो धुण्याच्या पद्धतीनं: मशीन भरून लावली, ड्रायरऐवजी दोरीवर वाळवलं आणि तेच कापड दुसऱ्या बाळाला वापरलं तर तो खूप खाली येतो. आपल्याकडे ऊन आहे, दोरी आहे आणि पाठची भावंडंही आहेत. फक्त दोन डायपरसाठी कढत पाण्याचं मशीन लावू नका.

ठरवायच्या आधी माझी एक परीक्षा आहे, हसू नका. आठ जाडे नॅपकिन घ्या. रोज रात्री भिजवा, धुवा, पिळा, वाळत घाला, असं आठवडाभर. पावसाळ्यात केलं तर फारच उत्तम. चौथ्या दिवशी कंटाळा आला किंवा दोरीवर जागाच उरली नाही, तर कापडीचा नाद सोडा, किंवा दिवसा चार कापडी आणि बाकी विकतचे असं जमवा. अर्धंमुर्धं वापरणंही चालतं. हे सगळं-नाहीतर-काहीच-नाही असं व्रत नाही.

विकतचे वापरलेत तर मात्र एक करा. आतली शी संडासात टाका आणि डायपर वर्तमानपत्रात नीट गुंडाळून वेगळा द्या. गुंडाळून द्यायचं हे २०१६ च्या घनकचरा नियमांतही सांगितलं होतं. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेनं त्यासाठी पुडक्यावर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली. आपला कचरा कुणीतरी हातानं वेगळा करतं. ठिपका बघून त्या माणसाला पुडकं उघडायची वेळ येत नाही. काढायला दोन सेकंद लागतात.

"डायपरच खराब निघाले"

यातले दहापैकी नऊ डायपर चांगले असतात. माझी धाकटी नणंद नाशिकला असते. तिच्या मुलाला मी माझेच डायपर दिले, लेकीचे आणि नंतर मुलाचे वापरून झालेले, ठणठणीत. महिन्याभरात रात्री साडेअकराला फोन. "वहिनी, तुमचे डायपर गळतात. अर्ध्या तासात सगळं बाहेर. नवीन मागवू का?"

म्हटलं, थांब. कोरडा पॅड घे आणि त्यावर चमचाभर पाणी ओत. व्हिडिओ कॉलवर तिनं ओतलं. पाणी अळवाच्या पानावरून पळावं तसं पॅडवरून घरंगळलं आणि थेट पलंगावर. पॅड कोरडाच्या कोरडा.

मग उलटतपासणी. धुतेस कशानं? लिक्विडनं. आणखी काय घालतेस? "सॉफ्टनर घालते ना, बाळाचं आहे म्हणून. मऊ राहतं, वास छान येतो." झालं. सॉफ्टनरचं कामच धाग्यावर पातळ थर चढवणं. तो थर पाणी आत शिरू देत नाही. पण मला वाटलं, एवढ्यानं इतकं होणार नाही. आणखी खोदलं तेव्हा कळलं की मालीशवाल्या मावशी आठला येतात, खोबरेल तेल जिरेपर्यंत अंगाला चोळतात, आंघोळ साडेनऊला. मधल्या दीड तासात बाळाला थंडी वाजू नये म्हणून डायपर. रोज. म्हणजे सॉफ्टनर वरून, तेल आतून. त्यात बोअरचं जड पाणी, त्यात साबण नीट निघत नाही. पॅड पाण्याला आत घेणार कसे?

उपाय साधा, पण एका दिवसाचा नाही. सॉफ्टनर कायमचा बंद. पॅड कव्हरपासून वेगळे काढून, सोसेल इतक्या गरम पाण्यात, नेहमीच्या मोठ्यांच्या डिटर्जंटचं पूर्ण माप घालून धुवायचे. "बाळाचं आहे म्हणून चिमूटभर" नको. कमी साबणात शू निघत नाही, आणि नंतर तोच अमोनियाचा झणका येतो. मग पाणी नितळ येईपर्यंत खळबळायचे. तीन-चार वेळा असं केल्यावर तिचे पॅड पुन्हा पाणी प्यायला लागले. मालीशीनंतर आंघोळीपर्यंत जुना लंगोट, डायपर नाही. डायपर आजही वापरात आहेत.

तिनं मला विचारलं होतं, "इंटरनेटवर एक पावडर आहे, एका धुण्यात सगळं साफ करते म्हणे, ती मागवू?" मागवू नकोस म्हटलं. ज्याला एका धुण्यात सगळं हवं असतं तो पुढच्या महिन्यात परत तिथेच येतो.

हेच उलट्या बाजूनं: नवे सुती किंवा बांबूचे पॅड पहिल्या धुण्यात पाणी नीट शोषत नाहीत. कच्च्या सुती धाग्यात तर त्याचं नैसर्गिक तेलही असतं. पाच-सहा धुण्यांनंतर खरे कामाला येतात. पाकीट फोडलं, लावलं, गळलं, "परत केलं" असं सांगणाऱ्यांची माझ्याकडे यादी आहे.

उरलेल्या, पटापट

पुरळ आलं की जाडसर पांढरं मलम फासून वर कापडी डायपर लावतात. त्या मलमाचाही थर पॅडवर चढतो. मध्ये जुन्या धोतराची एक पट्टी घाला, ती वेगळी धुवा. आणि पुरळ जांघेच्या घडीत लालभडक असेल, आजूबाजूला बारीक पुळ्या असतील, दोन-तीन दिवसांत उतरत नसेल, तर कापड बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. ते बुरशीचं असू शकतं. पावडर लावूच नका, बाळाच्या श्वासात जाते.

मायक्रोफायबरचा, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्याचा पॅड थेट कातडीला लावू नका. तो कातडीचा ओलावाही ओढून घेतो. खिशातच ठेवा.

रोज अँटिसेप्टिकमध्ये बुडवून ठेवणं. कशाला? नीट धुतलं, उन्हात टाकलं, पुरे. आईचं दूध पिणाऱ्या बाळाच्या शीचे पिवळे डाग तर उन्हानंच फिके पडतात. ओले असताना घाला, कोरडे झाल्यावर नाही.

बादलीत पाणी भरून डायपर भिजत ठेवणं. वास दुप्पट होतो, आणि रांगतं मूल घरात असेल तर भरलेली बादली म्हणजे धोका. रिकामी झाकणाची बादली घ्या, कोरडेच साठवा, दुसऱ्या दिवसाच्या आत धुवा.

घट्ट बांधणं. मांडीवर वळ दिसला की सैल करा. गळतंय म्हणून आवळत जाऊ नका, गळण्याचं कारण बहुतेक वेळा पॅडमध्ये असतं.

रात्री बाळाला दर दोन तासांनी उठवून बदलणं. रात्री विकतचा लावा आणि झोपा. आमच्या दोघांनाही रात्री विकतचेच होते. प्रवासालाही.

"कापडी वापरलं की मूल लवकर शू सांगतं." माझ्या लेकीनं सांगितली दीड वर्षाची असताना, मुलानं तीन वर्षं होईपर्यंत नाही. डायपर तेच होते.

त्या १८ पैकी ११ अजून शिल्लक आहेत, सध्या खालच्या मजल्यावर गेलेत. ते परत आले की तुमचा नंबर. फक्त देताना सॉफ्टनर घालून देऊ नका. मी घेताना चमचाभर पाणी ओतून बघते.