पोटरी सुजली? आधी टेपने मोजा
गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. फरक 3 सेंटिमीटरहून जास्त असेल, पोटरी दुखरी आणि गरम असेल, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा बाळंतपणानंतर तर विशेषच. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून डॉपलर सोनोग्राफी करा. तेल लावून अजिबात चोळू नका: गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते. धाप लागली, छातीत दुखलं तर लगेच 108.

पळताना अचानक कळ आली असेल तर बहुधा स्नायू फाटलाय. ताप आणि पसरती लाली म्हणजे त्वचेचा जंतुसंसर्ग. दोन्ही पाय सुजून दाबल्यावर खळगा पडत असेल तर हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासा. रक्तदाबाच्या अम्लोडिपिननेही असं होतं, पण गोळी परस्पर बंद करू नका.