प्रवासात फेअरिंग खडखडू लागले तर : पाना हातात घेण्याआधी या चुका टाळा

मोटारसायकलचे फेअरिंग, म्हणजे पुढचे प्लॅस्टिकचे आवरण, खडखडू लागले की बहुतेकांचा हात आधी पान्याकडे जातो आणि खरे नुकसान तेथूनच सुरू होते. पुण्याहून ताम्हिणी, वरंधा किंवा खंबाटकीमार्गे केलेल्या सहलींमध्ये स्वतःच्या आणि सोबत्यांच्या गाड्यांचे जे प्लॅस्टिक तडकलेले मी पाहिले, त्यातले फारच थोडे रस्त्याने तडकवले होते. बाकीचे आम्हीच, दुरुस्तीच्या नावाखाली, रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून तडकवले होते.

आवाज कोठून येतो हे न पाहताच कामाला लागणे

पुढून येणारी प्रत्येक थरथर फेअरिंगचीच असते असे नाही. गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून हळूहळू रेस वाढवावी आणि त्याच वेळी एका हाताने पॅनेलचा एकेक भाग दाबून धरावा. एखाद्या ठरावीक रेसवर खडखड होत असेल आणि हात ठेवताच ती थांबत असेल, तर दोष त्या भागाच्या आधारात आहे. उभ्या गाडीत काहीच ऐकू येत नसेल आणि वेग वाढल्यावरच थरथर सुरू होत असेल, तर वारा, चाक किंवा टायरमधील हवा यांचा विचार आधी करावा लागतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून रेस उतरू द्यावी. थरथर तरीही तशीच राहिली तर तिचा संबंध इंजिनाशी नाही एवढे निश्चित होते.

यातील सर्वांत धोकादायक गल्लत म्हणजे कोन सेट (हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग) सैल झालेला असताना फेअरिंगचे बोल्ट कसत बसणे. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे ढकलावी आणि हँडलखालच्या सांध्यावर बोट ठेवून पाहावे. तेथे ‘टक्’ असा धक्का जाणवला तर फेअरिंगचा विचार बाजूला ठेवून, सावकाश, जवळच्या गॅरेजपर्यंत जाणे एवढेच काम उरते.

फेअरिंग कोणत्या प्रकारचे आहे हेही येथेच पाहून घ्यावे. पल्सर १५० सारख्या गाडीचे छोटे फेअरिंग हँडलबरोबर वळते, तर २००७ साली आलेल्या पल्सर २२० चे अर्धे फेअरिंग हेडलाइटसह चॅसीला बसवलेले असते आणि हँडल वळले तरी जागचे हलत नाही. दुसऱ्या प्रकारात सगळा भार चॅसीच्या डोक्याशी जोडलेल्या लोखंडी स्टेवर, म्हणजे आधाराच्या सांगाड्यावर, असतो. या स्टेच्या वेल्डिंगपाशी रंगावर गंजाची केसाएवढी रेघ दिसली, तर ती बहुधा धूळ नसून चीर असते आणि कितीही बोल्ट कसले तरी फेअरिंग हलतच राहते.

सैल म्हणजे कसायचे, हा समज

फेअरिंग गाडीला जखडलेले नसते, ते रबरांवर टेकलेले असते. बहुतेक मुख्य जोडांमध्ये प्लॅस्टिकच्या भोकात एक रबरी ग्रोमेट (कडी), त्या ग्रोमेटच्या पोटात धातूचा छोटा बुश (नळीचा तुकडा) आणि त्या बुशातून जाणारा बोल्ट अशी रचना असते. बोल्ट कसला की तो बुशावर येऊन थांबतो, प्लॅस्टिकवर नव्हे. रबर ठरल्यापेक्षा जास्त दाबले जात नाही आणि इंजिनाचा थरकाप तेथेच जिरतो. चार-पाच वर्षांच्या उन्हापावसाने रबर कडक होते, चिरते, गळून पडते, आणि एकदा ते गेले की बुशही कोठेतरी पिरंगुट-पौडच्या रस्त्यावर घरंगळत जातो. मग जोडात जी मोकळी जागा उरते तीच खडखडते. ती बोल्ट पिळून भरून काढू गेल्यास बोल्टाचे डोके थेट प्लॅस्टिकवर बसते आणि भोकाभोवती ताऱ्यासारख्या चिरा पडतात. ही चूक मी ताम्हिणी उतरताना एकदा मन लावून केली आहे. माणगावला पोहोचेपर्यंत डाव्या बाजूचा कानच, म्हणजे पॅनेलचा बोल्टाचे भोक असलेला भाग, तुटून हातात आला, आणि पंक्चर काढणाऱ्या गृहस्थाने एका नजरेत विचारले, “दादा, बोल्ट कसून काय होणार? रबर कुठंय याचं?”

त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन गोल तुकडे कापले, मध्ये भोक पाडले, एक तुकडा प्लॅस्टिकच्या आत आणि एक बाहेर ठेवला, त्यावर रुंद वायसर घातला आणि उरलेल्या एका कानावर पॅनेल बसवून दिले. मूळ ग्रोमेटची बरोबरी ट्यूब करत नाही, पण शे-दोनशे किलोमीटर काढायला हा उपाय पुरेसा असतो. बुश हरवला असेल तर बोल्ट हाताने टेकेपर्यंत फिरवावा आणि त्यानंतर पान्याने फार तर पाव फेरा द्यावा. पलीकडे हात पोहोचत असेल तर नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट लावावा, कारण तो कसल्याशिवायही जागा सोडत नाही.

मिळेल तो बोल्ट ठोकून बसवणे

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या फेअरिंगला ५ किंवा ६ मिलिमीटरचे बोल्ट असतात. वाटेवरच्या हार्डवेअरच्या दुकानात मात्र बऱ्याचदा ‘दोन सुती’ बोल्ट पुढे केला जातो. दोन सूत म्हणजे पाव इंच, अर्थात ६.३५ मिलिमीटर. डोळ्याला हा फरक दिसत नाही, पण ६ मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे सर्वसाधारणपणे एकेका मिलिमीटरवर असतात आणि पाव इंचीचे सव्वा मिलिमीटरहून थोडे अधिक अंतरावर. असा बोल्ट पहिले दोन फेरे आत जातो, मग अडतो, मग आपण जोर लावतो, आणि क्लिप-नटाचे (पॅनेलच्या कडेला चिमट्यासारख्या बसणाऱ्या नटाचे) आटे कायमचे जातात. दुकानात जाताना शाबूत असलेला एक बोल्ट सोबत न्यावा आणि नवा बोल्ट त्याच्या आट्यांत आटे बसवून पारखावा.

लांबीचेही तसेच आहे. यामाहाच्या आर-१५ सारख्या पूर्ण फेअरिंगच्या, पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत पॅनेलच्या मागे रेडिएटर, त्याचे पाइप आणि वायरिंग दाटीवाटीने बसवलेले असते. ५ मिलिमीटर जास्त लांब असलेला बोल्ट घरी लक्षातही येत नाही, परंतु घाटात तोच वायरची कातडी सोलतो.

आणखी एक लहानशी गोष्ट. क्लिप-नट पॅनेलच्या कडेवर नुसता अडकवलेला असतो. समोरून बोल्ट रेटला की तो निसटून पॅनेलच्या पोटात पडतो आणि मग अर्धा तास त्याच्या शोधात जातो. मागून बोटाचा आधार द्यावा.

एकेक बोल्ट पूर्ण कसत पुढे जाणे

पहिला बोल्ट शेवटपर्यंत कसला, मग दुसरा, मग तिसरा, आणि चौथ्याचे भोक जुळेना. तेव्हा पॅनेल गुडघ्याने दाबून चौथा बसवला, हे दृश्य गॅरेजमध्येही दिसते. अशा रीतीने बसवलेले प्लॅस्टिक सतत ताणाखाली राहते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात, सर्वांत जास्त ताण असलेल्या कोपऱ्यात उलते. सर्व बोल्ट आधी तीन-चार आटे आत जाईपर्यंत हातानेच लावावेत, पॅनेल स्वतःच्या जागी बसू द्यावे आणि मग स्टेजवळच्या बोल्टापासून सुरुवात करून कडेकडे कसत जावे.

थ्रेडलॉकर, पेट्रोल आणि प्लॅस्टिक

बोल्ट सैल होऊ नये म्हणून निळे थ्रेडलॉकर (आटे जागीच धरून ठेवणारा चिकट द्रव) लावणे हा धातूच्या जोडासाठी उत्तम उपाय आहे. मात्र ते पूर्ण घट्ट व्हायला सुमारे २४ तास लागतात, त्यामुळे टपरीवर चहा होईपर्यंत थांबून निघाल्यास त्याचा पूर्ण उपयोग होत नाही. फेअरिंगवर ते लावण्यात मोठाच धोका आहे. बहुतेक फेअरिंग एबीएस प्लॅस्टिकचे असते आणि थ्रेडलॉकरचा द्रव एबीएस तसेच पॉलिकार्बोनेटला लागला तर ताण असलेल्या जागी प्लॅस्टिक ठिसूळ होऊन चिरते. ही चीर लगेच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी बोल्टाभोवती जाळे दिसते आणि दोष रस्त्याच्या माथी मारला जातो. म्हणून थ्रेडलॉकर स्टे आणि चॅसी यांच्यामधल्या बोल्टांपुरतेच ठेवावे, प्लॅस्टिकला भिडणाऱ्या बोल्टांना लावू नये.

हीच गोष्ट पेट्रोलची. चिकटपट्टीचा डिंक किंवा ग्रीस काढायला पेट्रोलचा बोळा फिरवण्याची सवय जुनी आहे आणि टाकीवर ती खपून जाते, पण एबीएसला पेट्रोल मानवत नाही. सॅनिटायझरही ॲक्रिलिकच्या पारदर्शक काचेवर बारीक भेगा पाडू शकतो. साबणाचे पाणी आणि मऊ फडके यांपलीकडे रस्त्यात काही लागत नाही.

फेविक्विक आणि एम-सीलवर भरवसा

फेविक्विकचा सांधा कडक असतो, लवत नाही; थरथरणाऱ्या भागावर तो काही किलोमीटरांत सुटतो आणि जाताना प्लॅस्टिकचा पृष्ठभाग पांढरा करून जातो. एम-सील थोडे अधिक टिकते, परंतु गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्याचा गोळा तसाच्या तसा निघून येतो. त्यातही पॅनेलच्या मागे ‘पीपी’ अशी खूण असेल तर ते पॉलिप्रोपिलीन आहे, आणि त्याला यातले काहीच धरत नाही. चीर पडलीच असेल तर तिला चिकटवण्यापेक्षा ती पुढे सरकू न देणे महत्त्वाचे असते. चिरेच्या अगदी टोकाला दोन-तीन मिलिमीटरचे गोल भोक पाडले की टोकावरचा ताण विखुरतो. ड्रिल नसल्यास तापवलेला खिळा चालतो, मात्र पॅनेल गाडीवरून काढून, टाकीपासून लांब नेऊनच. त्यानंतर चिरेच्या दोन्ही बाजूंना भोकांच्या जोड्या पाडून बारीक केबल टायने ती शिवून टाकावी. दिसायला हे टाके ओबडधोबड असतात, पण मी पाहिलेल्या तात्पुरत्या उपायांत सर्वांत भरवशाचे तेच आहेत.

टाय आणि टेप कोठे लावू नयेत

टाय ओढून करकचून आवळला तर तो पॅनेलच्या कडेवर करवतीसारखा फिरतो. त्याखाली ट्यूबची पट्टी ठेवावी. सायलेन्सरजवळ नायलॉनचा टाय टिकत नाही, तेथे बाइंडिंगची तार वापरावी. टेप धुळीवर किंवा ओल्या पृष्ठभागावर लावला तर श्रीवर्धन येण्याआधी तो वाऱ्यावर फडफडतो. सगळे बांधून झाल्यावर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवून पाहणे मात्र कोणत्याही घाईत चुकवू नये. क्लच किंवा ॲक्सिलरेटरची केबल टायमध्ये अडकली असेल तर ते घाटातल्या पहिल्या तीव्र वळणावर कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

पूर्वीच्याच वेगाने पुढे निघणे

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरवरून ९० वर गेल्यास फेअरिंगवरचा जोर दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो. उलट ८० वरून ५० वर आल्यास तो चाळीस टक्क्यांच्या आसपास उरतो. तात्पुरत्या बांधणीवर ५० च्या पुढे जाण्याचा मोह आवरावा. खालचे पोटाकडचे पॅनेल सैल असेल आणि त्यात दिवे किंवा वायर नसतील, तर ते बांधत बसण्यापेक्षा सरळ काढून मागच्या सीटवर आवळणे शहाणपणाचे, कारण ते निसटले तर थेट चाकाखाली जाते. हेडलाइट फेअरिंगमध्येच बसवलेला असल्यास अंधार पडण्यापूर्वी त्याचा झोत एखाद्या भिंतीवर पाहून घ्यावा. एक कान तुटला तरी झोत आकाशाकडे जातो.

पुण्यात परतल्यावर हे टाय तसेच ठेवून पुढच्या सहलीची वाट पाहणे, ही शेवटची चूक. नाना पेठेत गाडीचे नाव आणि साल सांगितल्यास ग्रोमेट, बुश आणि क्लिप-नट बहुधा मिळतात. जुना नमुना नेला तर चुकीचा माल गळ्यात पडत नाही. तुटलेला कान प्लॅस्टिक वेल्डिंगने जोडता येतो, फक्त वेल्डिंगची काडी पॅनेलच्याच प्लॅस्टिकची आहे ना, हे विचारून घ्यावे. सगळे बसवून झाल्यावर दिवे घाटापर्यंत एक फेरी मारावी आणि गाडी थंड झाली की प्रत्येक बोल्टावर पुन्हा एकदा हात फिरवावा.