घरात एचआयव्हीचं आजारपण काढताना या चुका टाळा

"आता काय, दिवस मोजायचे." खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही गावात एचआयव्हीचा रुग्ण अंथरुणाला खिळला की हे वाक्य कानावर येतंच. पहिली चूक हीच, आणि ती मीही केली आहे. एका मामांना आठवडाभर गिळता येत नव्हतं, चमचाभर पेजसुद्धा घशात टोचायची. मी घरच्यांना म्हटलं, जाईल तेवढं द्या, आग्रह करू नका. सोबतच्या सिस्टरनी बॅटरी मारून तोंडात बघितलं तर जीभ, टाळू पांढरीफटक. बुरशी घशाखाली उतरली होती. डॉक्टरांनी बुरशीवरचं फ्लुकोनाझोल सुरू केलं आणि पंधरवड्यात मामा भाकरी कुस्करून खायला लागले.

शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरला जो हिशेब लागतो, तो इथे लावू नका. रक्तातल्या सीडी-फोर, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पेशी घटल्या की क्षय, मेंदूज्वर, न्यूमोनिया डोकं वर काढतात, आणि यातल्या बहुतेकांवर औषध आहे. वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, चार पावलांत लागणारा दम, एकाएकी अंधुक दिसणं, हे "त्या आजाराचंच" म्हणून सोसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्रास कमी करणारी सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, इलाज चालू असतानाच द्यायची असते. इलाज थांबल्यावर मग ती, असा क्रम नाही.

म्हणूनच "आता कशाला त्या गोळ्या" म्हणून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा रोजचा औषधोपचार, बंद करू नका. १ एप्रिल २००४ पासून ती सरकारी केंद्रांत मोफत मिळते. दुसऱ्या औषधांबरोबर घेताना मात्र गोंधळ होतो. ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी एआरटीतल्या डोल्युटेग्राव्हिर या गोळीबरोबर घेतली तर डोल्युटेग्राव्हिर अंगी लागत नाही. डोल्युटेग्राव्हिर या औषधांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्या. क्षयासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी १२ तासांनी दिलेली असते. "ही जादाची दिसते" म्हणून ती डब्यात पडून राहिलेली मी पाहिली आहे.

आता दुखण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त हाल इथेच होतात.

नागीण उठली की आपल्याकडे आधी गेरू लावतात, मंत्र घालतात, आणि त्यात तीन दिवस जातात. नागिणीच्या विषाणूवरचं ॲसायक्लोव्हिर ७२ तासांच्या आत सुरू झालं तर फायदा जास्त. उशीर झालाच, तरी जा. फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने आग होत राहू शकते, आणि त्या आगीवर साधी दुखण्याची गोळी चालत नाही. तळपायांची जळजळही त्याच जातीची. ती एचआयव्हीच्या विषाणूमुळे होते, कधी क्षयावरच्या आयसोनियाझिडमुळेही. म्हणून आयसोनियाझिडसोबत बी-६ जीवनसत्त्वाची गोळी चुकवू नका. नसांच्या अशा दुखण्यावर रात्री ॲमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा देतात. घरातला शिकलेला पोरगा मोबाईलवर नाव शोधतो, "ही तर डिप्रेशनची गोळी" म्हणतो आणि बंद करतो! तो दोष पोराचा नाही, न सांगणाऱ्याचा आहे.

दुसरीकडे गावातल्या डॉक्टरांकडून रोज डायक्लोफिनॅकची सुई. तिनं तासाभरात बरं वाटतं, म्हणून मोह होतो. पण एआरटीतलं टेनोफोव्हिर आधीच मूत्रपिंडाला जड, त्यात ही सुई रोज नको. सुई देणाऱ्याला एआरटी चालू असल्याचं सांगायला लाज वाटत असेल, तर एआरटी केंद्रातच दुखण्याचं सांगा.

या सगळ्याला दाद न देणाऱ्या दुखण्याला मॉर्फीन आहे. "मॉर्फीन दिलं म्हणजे संपलं" हा समज काही डॉक्टरांच्याही मनात असतो. २०१४ च्या कायदादुरुस्तीनं मान्यताप्राप्त दवाखान्यांना ते ठेवणं सोपं झालं. बेळगावात विचारताना थेट पॅलिएटिव्ह विभाग विचारा. मॉर्फीनची साधी, लगेच काम करणारी गोळी असेल तर दुखेल तेव्हा नव्हे, घड्याळ लावून दर ४ तासांनी द्यायची. सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. ते विसरलं की मळ घट्ट होतो आणि घरचे मॉर्फीनलाच दोष देतात. रुग्ण हलवूनही नीट जागा होत नसेल तर पुढची गोळी न देता लगेच फोन करा. गोळ्या कुलपात, उरलेल्या परत दवाखान्यात.

ताट-वाटी वेगळी ठेवू नका, त्यानं काहीच टळत नाही. रक्ताला मात्र हातमोजे. नसतील तर हातावर प्लास्टिकची पिशवी चालते. कूस दर २ तासांनी बदला. जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून त्यावर भुरभुरतात, पण आधी सिस्टरना जखम दाखवा. तोंड आलं असेल तर खर्डा, आंबट आंबील नको. कोमट मऊ खिचडी, आणि मिठाच्या पाण्यानं खळखळून चूळ.

सीमाभागाची खास चूक वेगळीच. गावात कळू नये म्हणून लोक गडहिंग्लज, कोल्हापूरकडे नाव नोंदवतात. चालता-फिरता माणूस जातो, अंथरुणाला खिळल्यावर कोण नेणार? अंगात बळ आहे तोवरच बदलीचा कागद घेऊन जवळच्या केंद्रात नाव लावा. गुप्ततेची भीती असेल तर २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं, काही अपवाद सोडता, तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय फोडता येत नाही. अर्ज कन्नडमध्ये असला तर समजल्याशिवाय अंगठा देऊ नका. अडलं तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. उताऱ्यावरची नावं, बँकेतला वारस, पोरांची जबाबदारी हेही रुग्ण बोलू शकतो तोवरच विचारा. विचारल्यानं मरण जवळ येत नाही.

आणि उशाशी बसलेली बाई. बहुतेक घरांत ती त्याची बायकोच असते, आणि कित्येकदा तिचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह असतो. नवऱ्याच्या गोळ्या ती मिनिटाला चुकत नाही. तिच्या स्वतःच्या गोळ्या कुठे ठेवल्यात ते विचारा, आणि निघताना तिच्या एआरटीच्या पुस्तिकेतली पुढची तारीख तुम्हीच बघून घ्या.