एअरबॅग असलेल्या गाडीत डॅशकॅमची वायर टाकताना या चुका टाळा

भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांमध्ये चालकासमोरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, २०२१ मध्ये शेजारच्या आसनासाठीही ती लागू झाली, आणि आता मध्यम किमतीच्या अनेक गाड्यांत सहा एअरबॅग मिळतात. ॲक्सेसरीच्या दुकानांतली वायर टाकण्याची रीत मात्र बहुतेक ठिकाणी जुनीच आहे. काचेवर डॅशकॅम, म्हणजे रस्त्याचे चित्रण करणारा कॅमेरा, चिकटवायचा, प्लास्टिकच्या पट्टीने वायर छताच्या अस्तरात खोचायची, दरवाज्याच्या बीडिंगखाली दाबत ती फ्यूज बॉक्सपर्यंत आणायची आणि गाडी मोकळी करायची. कामात सफाई दिसते, कारण वायर कुठेही नजरेस पडत नाही. पण एअरबॅगच्या गाडीत वायर कुठे लपवली यापेक्षा ती एअरबॅगच्या पुढून गेली की मागून, हे महत्त्वाचे आहे.

पुढची काच आणि पुढचा दरवाजा यांच्यामधल्या खांबाला ए-पिलर म्हणतात. कर्टन एअरबॅगची लांब घडी बहुतेक गाड्यांत या खांबाच्या आवरणामागून सुरू होते आणि दरवाज्यांच्या वरून, अस्तराच्या कडेआडून, मागच्या खांबापर्यंत जाते. बाजूने धडक बसली की ती साधारण २० ते ३० मिलिसेकंदांत फुगते, अस्तराची कड खाली ढकलते आणि खिडकीवर उतरते. ज्या फटीतून ती बाहेर येते, नेमकी तीच फट वायर खोचायला सर्वांत सोपी असते. तिथे आडवी गेलेली वायर एअरबॅगच्या उलगडण्यात अडथळा आणू शकते, किंवा तिच्यासोबत ओढली जाऊन प्रवाशाच्या डोक्याच्या दिशेने फेकली जाऊ शकते. वायरपेक्षाही धोकादायक असतो तो तिच्यासोबतचा टणक ऐवज. हार्डवायर किटची, म्हणजे कॅमेरा थेट फ्यूज बॉक्सला जोडणाऱ्या संचाची, काळी डबी, जादा वायरचे वेटोळे किंवा जोडणीचा कनेक्टर खांबाच्या आवरणात कोंबून ठेवलेला अनेकदा आढळतो. या वस्तूंची जागा डॅशबोर्डच्या खाली, फ्यूज बॉक्सजवळ आहे. तिथेही स्टिअरिंगच्या खाली गुडघ्यांसाठीची एअरबॅग नाही ना, हे आधी पाहावे.

योग्य पद्धतीत थोडा अधिक वेळ जातो. काचेच्या वरच्या कडेने अस्तरात वायर नेण्यास सहसा अडचण नसते, कारण तिथे एअरबॅग नसते. ए-पिलरपाशी पोहोचल्यावर मात्र आवरण काढणे भाग आहे. ते काढले की एअरबॅग, तिचे ब्रॅकेट आणि कंपनीने टाकलेली मूळ वायरिंग, सगळे समोर दिसते. आपली वायर एअरबॅगच्या मागून, म्हणजे एअरबॅग आणि खांबाचा पत्रा यांच्यामधून न्यावी, शक्यतो मूळ वायरिंगला लागून, आणि तिलाच कापडी टेपने किंवा केबल टायने बांधावी. केबल टाय एअरबॅगच्या घडीभोवती कधीही आवळू नये. मूळ वायरिंग पिवळ्या आवरणातली असेल, तर ती बहुतेक गाड्यांत एअरबॅगची असते. तिला काहीही बांधू नये, जवळच्या दुसऱ्या वायरिंगचा आधार घ्यावा. आवरण परत बसवताना क्लिप तपासावी. अनेक गाड्यांत एअरबॅग फुगताना आवरण सुटून अंगावर येऊ नये म्हणून क्लिपला पट्टी जोडलेली असते, आणि अशी क्लिप काही कंपन्या एकदाच वापरायची म्हणून देतात. क्लिप तुटल्यावर दुहेरी टेपने आवरण चिकटवणे हा उपाय नव्हे.

मागच्या कॅमेऱ्याची वायर छताच्या कडेने नेण्याचा आग्रह मला पटत नाही. उंबरठ्यावरच्या प्लास्टिक पट्टीखालून, जमिनीलगत ती नेली तर दोन्ही दरवाज्यांवरची एअरबॅग पूर्णपणे टळते. या वाटेवर मधल्या खांबाच्या पायथ्याशी सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरचा (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा कनेक्टर असू शकतो. त्याला धक्का न लावता पुढे जावे, आणि मागच्या खांबात वर चढतानाही पुन्हा एअरबॅगचा शेवट कुठे आहे ते पाहावे.

आवरणांना हात लावण्यापूर्वी इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार काढावी आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावे. हा वेळ काही गाड्यांत ९० सेकंद, काहींत ३ मिनिटे किंवा त्याहूनही अधिक असतो, कारण बॅटरीची जोडणी तुटली तरी एअरबॅग उडवता यावी म्हणून तिच्या नियंत्रकात वीज साठवलेली असते. पिवळ्या वायरवर टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावून सप्लाय शोधणे ही अक्षम्य चूक आहे. एअरबॅग पेटवणाऱ्या घटकाचा रोध जेमतेम २ ओहमच्या आसपास असतो आणि तो पेटायला फारसा प्रवाह लागत नाही.

सप्लाय घेताना एअरबॅग, एबीएस (ब्रेक लावताना चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा), पॉवर स्टिअरिंग किंवा इंजिन नियंत्रक यांच्या फ्यूजला हात लावू नये. चार्जिंग सॉकेटचा फ्यूज पुरेसा असतो. फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसवून तिथून जादा वायर काढणारा जोड, उलटा बसवला तरी कॅमेरा चालतो, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. मात्र तेव्हा कॅमेऱ्याचा भारही मूळ फ्यूजमधूनच जातो. तपासणी सोपी आहे. टॅपमधला मूळ फ्यूज काढावा. कॅमेरा चालू राहिला तर टॅप बरोबर आहे, बंद पडला तर तो फिरवून बसवावा. अर्थिंगसाठीही समोर दिसेल तो बोल्ट धरू नये. मधल्या कन्सोलखाली एअरबॅगचा नियंत्रक बसवलेला असतो, त्याचे बोल्ट या कामासाठी नाहीत.

वायर काचेवरून खाली आणून डॅशबोर्डवर मोकळी सोडणारेही आहेत. शेजारच्या आसनासमोर एअरबॅगचे झाकण असते, आणि त्यावरून वायर, मोबाइल स्टँड किंवा चिकटवलेली मूर्ती नसावी. गणपती गाडीत जरूर असावा, पण त्या झाकणावर नसावा.

काम झाल्यावर इग्निशन चालू करताच एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो विझला नाही, तर यंत्रणेने दोष नोंदवला आहे आणि अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री धरता येत नाही. सर्वांत नेहमीचे कारण आसनाखाली सापडते: कार्पेट उचलताना किंवा आसन मागेपुढे करताना तिथला पिवळा कनेक्टर सैल होतो, किंवा पावसाळ्यात कार्पेटखाली साचलेल्या पाण्याने त्याच्या पिनांना गंज चढतो. कनेक्टर बसवण्यापूर्वीही बॅटरी काढून थांबावे. तो काढलेला असताना इग्निशन चालू केले गेले असेल, तर यंत्रणेत नोंदलेला दोषाचा कोड पुष्कळ गाड्यांत आपोआप जात नाही. स्वस्तातले ओबीडी रीडर (गाडीच्या सॉकेटला लावून दोषाचे कोड दाखवणारे यंत्र) बहुतेक इंजिनाचेच कोड वाचतात. एअरबॅगचा कोड वाचून पुसण्यासाठी सर्व्हिस सेंटरचे स्कॅनर लागते. कोड न वाचताच पुसून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी सोपवू नये. कोणत्या एअरबॅगचा, कोणता दोष होता, हे कामाच्या कागदावर लिहून घ्यावे.