सप्ताहाच्या पंगतीतले प्लास्टिक: ते कसे टाळावे आणि उरलेले कुठे द्यावे

अखंड हरिनाम सप्ताहाची पहिली बैठक मारुतीच्या पारावर बसते, तेव्हा वर्गणी, कीर्तनकारांच्या तारखा आणि रोजच्या पंगतीचे यजमान एवढ्या तीनच गोष्टी ठरतात. कचऱ्याचा विषय निघतो तो काल्याच्या दुसऱ्या दिवशी, मंडप सुटल्यावर, आणि तोवर मंडपामागे ढीग साचलेला असतो. मराठवाड्यातल्या एका लहान गावात सप्ताह समितीचे काम काही वर्षे करताना सरकारी नियमांचा आणि योजनांचा गावाला जेवढा उपयोग करून घेता आला, तो येथे मांडला आहे. लग्नाच्या किंवा भंडाऱ्याच्या पंगतीलाही ही पद्धत चालते.

पहिल्याच बैठकीत एक हिशेब मोठ्याने मांडावा. रोज 800 माणसे जेवतात असे धरले आणि प्रत्येकामागे एक पत्रावळ, दोन द्रोण व एक ग्लास मोजला, तर दिवसाला 3,200 आणि सात दिवसांत 22,400 वस्तू होतात. काल्याच्या महाप्रसादाला पंचक्रोशीतून येणारी माणसे यात धरलेली नाहीत. हा आकडा ऐकल्यावर बैठकीत जी शांतता पसरते तिचा फायदा घेऊन लगेच कायद्याकडे वळावे, कारण "आपल्या खेड्यात कोण विचारतो?" हा प्रश्न त्यानंतर येतोच.

महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. तीत प्लास्टिक पिशव्यांसह एकदाच वापरून फेकायची ताटे, वाट्या, ग्लास आणि चमचे येतात. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये, दुसऱ्याला 10,000 रुपये, आणि तिसऱ्याला 25,000 रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा आहे. केंद्र सरकारने 1 जुलै 2022 पासून देशभर ठरावीक वस्तू बंद केल्या. त्यांत प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे व स्ट्रॉ यांच्याबरोबर सजावटीचा थर्माकोल, प्लास्टिकचे झेंडे, मिठाईच्या खोक्यावरचे आणि निमंत्रणपत्रिकेवरचे प्लास्टिकचे वेष्टन, तसेच 100 मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनर आहेत. म्हणजे सप्ताहाच्या व्यासपीठामागचा थर्माकोलचा पांडुरंगही नियमात बसत नाही. तो कापडावर रंगवून घेतला तर पुढची दहा वर्षे पुरतो.

समितीला सर्वांत उपयोगी पडणारी तरतूद मात्र 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. मोकळ्या जागेत कार्यक्रम घेऊन प्लास्टिकच्या किंवा बहुस्तरीय (एकावर एक थर चिकटवलेल्या) वेष्टनातले खाद्यपदार्थ देणाऱ्या आयोजकाने तिथला कचरा वेगळा करून त्याची विल्हेवाट लावायची असते, आणि ग्रामपंचायतीने गावातले प्लास्टिक गोळा करून पुनर्वापराकडे पोहोचवायचे व ते उघड्यावर जाळले जाणार नाही हे पाहायचे असते. समिती आणि ग्रामपंचायत यांनी एकमेकांकडे बोट दाखवायला येथे जागा उरत नाही. हा मजकूर छापून पाराच्या भिंतीवर लावावा. आमच्याकडे वाद अर्ध्यावर आले ते याच कागदामुळे.

यजमानांची यादी

सप्ताहातली रोजची पंगत वेगवेगळ्या घराण्यांची किंवा भावकीची असते आणि सामान तेच आणतात. त्यामुळे समितीने स्वतः कितीही काटेकोर खरेदी केली तरी चौथ्या दिवशीचा यजमान तालुक्याच्या बाजारातून प्लास्टिकच्या थराच्या चंदेरी द्रोणांचे गठ्ठे घेऊन येतो, आणि पुण्याईच्या कामात त्याला परत पाठवणे कोणाला जमत नाही. यासाठी पंगतीचे नाव लिहून घेतानाच सामानाची छापील यादी त्याच्या हाती द्यावी. तेल एक लिटरच्या पिशव्यांत न घेता पंधरा किलोच्या डब्यात घ्यावे, कारण रिकाम्या डब्याला भंगारात किंमत येते आणि तेलकट पिशवी कोणी घेत नाही. दूध थेट संकलन केंद्रावरून कॅनमध्ये आणावे. डाळ, तांदूळ व गूळ पोत्याने किंवा ढेपेने घ्यावा आणि बुंदी गावातच पाडावी. पाण्याचे पाऊच यादीत असूच नयेत.

दुधाच्या पिशव्या घ्याव्याच लागल्या, तर आचाऱ्याला एक गोष्ट करून दाखवावी: कोपरा पूर्ण कापून वेगळा न करता चीर द्यावी आणि तुकडा पिशवीलाच लटकत ठेवावा. तुटलेला तो बोटाच्या पेराएवढा तुकडा कोणी वेचत नाही, आणि तोच नंतर चाऱ्यातून गाईच्या पोटात जातो.

ताट आणि पाणी

पहिले सहा दिवस स्टीलची ताटे आणि काल्याच्या दिवशी पानांच्या पत्रावळी, असे माझे मत आहे. एका वेळी 200 माणसांची पंगत बसत असेल तर 450 ताटे पुरतात, कारण एक पंगत जेवत असताना दुसरीची ताटे धुऊन होतात आणि थोडी हाताशी राहतात. गावातल्या महिला बचत गटाने भांडी घेऊन भाड्याने दिली तर पैसा गावातच राहतो, आणि ताट मोजून देण्याघेण्याची शिस्तही त्या पाळतात. पुरुषांच्या समितीकडे दिलेले चमचे परत आल्याचे मी पाहिलेले नाही.

हरकत येते ती पाण्याची आणि ती खरी आहे. एप्रिल 2016 मध्ये ज्या विभागातल्या लातूरला रेल्वेने मिरजेहून पाणी आणावे लागले, तिथे चैत्रातल्या सप्ताहात भांडी धुवायचे पाणी कोठून आणायचे, हे विचारणारा माणूस आडमुठा नसतो. त्यासाठी वाहत्या नळाऐवजी टब मांडावेत. ताट आधी कोरड्या राखेने पुसून घ्यावे, मग पहिल्या टबात घासावे आणि पुढच्या दोन टबांत एकामागून एक विसळावे. पहिल्या टबाचे पाणी गढूळ झाले की ते शोषखड्ड्यात ओतून दुसरा टब पुढे सरकवावा. राखेने पुसण्याची पायरी गाळली तर मात्र पाणी दुप्पट लागते. टँकरवर जगणाऱ्या गावाने एवढ्यावरही पानांच्या पत्रावळी निवडल्या तर त्याला दोष देऊ नये.

प्यायच्या पाण्यासाठी वीस लिटरचे जार आता गावोगाव मिळतात आणि ते परत जातात, म्हणून त्यांना हरकत नाही. अडचण असते ती जारशेजारी ठेवलेल्या कागदी कपांची. कागदी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक कपांना आतून प्लास्टिकचा थर असतो आणि जुलै 2022 मध्ये राज्य शासनाने अशा थराच्या ताटांना, कपांना व वाट्यांनाही बंदीत आणले. थर आहे की नाही हे कळायला वस्तू हळूहळू फाडावी: कागद तुटतो आणि कडेला पारदर्शक पापुद्रा ताणला जातो. खात्री हवी असेल तर गरम पाण्यात तासभर ठेवावी. लगदा बाजूला होतो आणि पातळ पन्नी हातात उरते. पळसाच्या म्हणून मिळणाऱ्या यंत्रावरच्या पत्रावळीही उलटून पाहाव्यात, कारण पुष्कळांना खालून चकचकीत अस्तर लावलेले असते. किनवट-माहूरच्या बाजूला पळसाचे रान आहे. हाताने किंवा काडीने टाचलेल्या पत्रावळींची मागणी महिनाभर आधी नोंदवली तर अशी फसवणूक टळते. "विघटनशील" एवढ्या छापील शब्दावर भरवसा ठेवू नये. अशा वस्तूंसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आणि सिपेट या प्लास्टिकविषयक केंद्रीय संस्थेचे प्रमाणपत्र लागते, ते दुकानदाराकडे मागावे.

गोळा करणे

एवढे करूनही काही प्लास्टिक येतेच: मसाल्याची पाकिटे, पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या, मंडपात येणारी कुरकुरे-गुटख्याची वेष्टने. मंडपाच्या दोन्ही दारांशी आणि भटारखान्याजवळ दोन-दोन पोती लाकडी चौकटीला अडकवावीत, एक बाटल्यांसाठी आणि एक पन्नीसाठी. उष्टे अन्न आणि पाने यांची जागा वेगळी, पंगत उठते तिथेच. प्रत्येक ठिकाणी शाळेतली दोन मुले उभी केली की मोठी माणसे आपोआप नीट वागतात.

पोत्यात जाणारी वस्तू रिकामी, पुसलेली आणि वाळलेली असावी. बाटली दाबून चपटी करून बूच पुन्हा लावावे. हे सांगताना मला आमची पहिल्या वर्षाची चूक आठवते. आम्ही पंधरा पोती भरली, ती शाळेमागे उघड्यावर ठेवली आणि तालुक्याला नेऊ-नेऊ म्हणता मृगाचा पाऊस पडला. पोत्यांना असा वास सुटला की ती घेणाऱ्याने दारातूनच परत पाठवली, आणि वाहनाचे भाडे दोन्ही बाजूंचे पडले.

दोन गोष्टी पोत्यांत मुळीच मिसळू नयेत. एक, कापसाच्या फवारणीच्या औषधांच्या बाटल्या, ज्या स्वच्छतेच्या उत्साहात बांधावरून उचलून आणल्या जातात. त्यांतले विष पूर्ण धुतले जात नाही आणि हाताळणाऱ्याला बाधते. दोन, वापरलेले डायपर आणि पॅड. तसेच गोळा झालेली पन्नी पाणी तापवायच्या बंबात जाणार नाही याकडे लक्ष असावे. आचाऱ्यांचा हा जुना उपाय आहे, कारण ओल्या सरपणाला पन्नी पटकन पेटवते. पण तो धूर तिथेच पोळ्या लाटणाऱ्या बायांच्या छातीत जातो.

तालुक्याला पोहोचवणे

बाटल्या, डबे आणि कडक प्लास्टिक भंगारवाला गावात येऊन घेतो, तेव्हा ते त्यालाच द्यावे. त्याच्याइतकी कार्यक्षम पुनर्वापराची साखळी कोणत्याही खात्याने अजून उभी केलेली नाही. पन्नी आणि वेष्टने तो घेत नाही. त्यांच्यासाठी स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्राकरिता 16 लाख रुपयांपर्यंत तरतूद ठेवलेली आहे. तिथे पन्नी झटकून, तुकडे करून किंवा दाबून गठ्ठे बांधतात, आणि मग ती पुनर्वापर कारखान्याकडे, सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून किंवा डांबरी रस्त्याच्या कामाला जाते. रस्त्याच्या पद्धतीत गरम खडीवर प्लास्टिकचे बारीक तुकडे टाकतात, त्याचा थर खडीला बसतो आणि मग डांबर मिसळतात. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ही पद्धत विकसित केली आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

केंद्र मंजूर आहे म्हणजे चालू आहे असे समजू नये. सप्ताहाच्या महिनाभर आधी पंचायत समितीतल्या गट संसाधन केंद्रात जाऊन यंत्राला वीजजोडणी आहे का, माल कोणत्या वारी घेतात आणि पोती पाठवायची की गाडी येते, हे तीन प्रश्न विचारावेत. एका ठिकाणी आम्हाला यंत्र नवेकोरे, प्लास्टिकच्याच कागदात गुंडाळलेले आढळले होते. असे असेल तर ग्रामपंचायतीच्या नावे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि पोती कोरड्या खोलीत ठेवावीत; वाळलेली पन्नी सहा महिने राहिली तरी बिघडत नाही.

खर्चाचा प्रश्न ग्रामसभेत सोडवावा. पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी याच मिशनमधून माणशी 60 रुपयांपर्यंत निधीची तरतूद आहे आणि त्यातला 30 टक्के हिस्सा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा असतो. दोन हजार वस्तीच्या गावाला हे 1,20,000 रुपये होतात. त्यातून प्लास्टिक साठवायची खोली आणि खत करायची नाडेप टाकी होऊ शकते. सप्ताहाची पोती आणि पत्रावळी विकत घेण्यासाठी हा पैसा नाही, ते वर्गणीतूनच करावे लागते.

पानांचे खत

काल्याच्या पत्रावळी आणि उष्टे दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा नाडेप टाकीत जाते. पाने, शेणकाला आणि माती असे थर द्यावेत, वरून शेणमातीने लिंपावे आणि भेगा पडल्या की पुन्हा लिंपावे. साधारण तीन-चार महिन्यांत खत तयार होते, म्हणजे चैत्रात भरलेली टाकी आषाढ-श्रावणात उघडता येते. खत चाळणीतून काढावे. चाळणीवर चंदेरी पापुद्रे उरले तर ते मोजून ठेवावेत आणि कोणत्या दिवशीच्या पंगतीचे द्रोण टाकीत कोणत्या थराला गेले होते हे वहीत पाहावे. पुढच्या वर्षी त्या घराण्याला यादी देताना चाळणीतले ते पापुद्रेही कागदात गुंडाळून सोबत द्यावेत.